वाकलं की होते

धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हापासून पारशिवनीकडच्या आमच्या घरात मी स्वयंपाकघराच्या दाराशी खाकरायला लागलो. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्यासमोर धाकटी भावजय येत नाही, अशी आमच्याकडची रीत. तिनं पदर पुढं ओढायचा, आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्यानं तिच्याकडं पाहायचं नाही, हात लागणं तर दूरच. मी खाकरलो की आत बांगड्या वाजत, पाट सरकल्याचा आवाज येई, आणि ती मागच्या दारानं परसात निघून जाई. मग मी आत शिरे. तव्यावरची पोळी बहुतेक करपलेली असे.

"दादा, तू आला का एक पोळी जळते," भाऊ म्हणे. "जरा दमानं खाकरत जा गा."

मी हसत असे. मी नागपूरला रामदासपेठेत डॉक्टरकी करत होतो, एका रुग्णालयात शिकवायलाही जात होतो. बायामाणसं तपासण्यात माझी हयात गेली. पण रविवारच्या बसनं गावी उतरलो की मी डॉक्टर राहत नसे, भासरा होत असे.

गेल्या भादव्यात माझी ही भावजय गेली. चांगलं म्हातारपण बघून गेली. आमच्या नात्यात तिची एक गोष्ट सांगतात. तरुणपणी ती फार नाटकी होती म्हणे, कोणाच्या पाया पडायचं म्हटलं की तिला चक्कर यायची, कोणी म्हणे अंगात यायचं. पुढं तिच्या पोटात गाठ झाली आणि मी नुसता तिचा चेहरा बघून ती ओळखली, तिला मरणातून ओढून काढलं. या गोष्टीत गाठ तेवढी खरी आहे. बाकीचं दुरुस्त करायला मी एवढी वर्षं लावली.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी. आमच्याकडं त्या दिवशी सगळा गोतावळा जमतो. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचं जेवण, आणि जेवणं उरकली की म्हातारी माणसं ओसरीवर ओळीनं बसतात आणि घरातल्या सुना पाया पडतात. नुसतं हात लावून भागत नाही. पदराचं टोक दोन्ही हातांत धरून कमरेतून पूर्ण वाकायचं, उठायचं, पुन्हा पुढच्यासमोर वाकायचं.

मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, रीतीप्रमाणं मान खाली घालून बसलो होतो. त्यामुळं मला तिची फक्त पावलं दिसत होती. हळदीकुंकवाची, जोडव्यांची पावलं एकेका म्हाताऱ्यासमोर थांबत आणि पुढं सरकत. मग एका ठिकाणी ती थांबली आणि हलेचनात. बघता बघता बोटांचा रंग उडाला. चुन्यात बुडवल्यासारखी बोटं पांढरी झाली. मला आजही ती पावलं दिसतात. मी मान वर केली नाही.

"बसली पाहा," माझी आई म्हणाली. "म्हाताऱ्याच्या पाया पडायचं आलं का हिले चक्कर."

"देवी असंन वं," आत्या म्हणाली. "आजच्या दिवशी येते कोणाकोणाच्या अंगात."

"हिच्या अंगात आळस येते, देवी नाही."

बायका हसल्या. तिला आत नेऊन निजवलं. भाऊ धावत माझ्याकडं आला. माझी बॅग शेजारीच होती. त्यात रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. मी उठलो तर आई म्हणाली, "तू कुठं चालला? तू भासरा होय तिचा." मी पुन्हा बसलो. भावाला म्हणालो, तिची नाडी बघ. तो आत गेला आणि परत आला.

"दादा, छाती अशी धडधडून राहिली का अंगावरचं पातळ हलते. घामानं ओली झाली. डोकं फुटते म्हणते."

"घाबरली आहे. पाणी दे. उद्या दवाखान्यात घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती रामदासपेठेत आली. आई सोबत होती. मी माझ्या टेबलामागं बसलो, ती पडद्याआड. नर्सनं रक्तदाब मोजला, नाडी मोजली, मला आकडे सांगितले. सगळं नेमकं जसं असावं तसं. मी प्रश्न विचारले ते आईला. कधी होतं, किती वेळ राहतं, आधी काय झालेलं असतं. आईनं तिच्या परीनं उत्तरं दिली. पडद्याआडून एकदा बांगड्या वाजल्या, ती काही बोलू पाहत असावी, पण आईच बोलत राहिली आणि मी आईचंच लिहून घेत राहिलो. विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला सांगत असे की रोग्याला बोलू द्या, निम्मं निदान तो स्वतःच सांगतो. माझ्याच घरातल्या रोग्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"मनाचं आहे," मी आईला सांगितलं. "नवीन घर, नवीन माणसं. झोपेची गोळी देतो. थोडे दिवस माहेरी राहू द्या."

त्या काळात तरुण बाईच्या धडधडीला आम्ही सर्रास हेच नाव देत होतो. पण त्या काळावर मी हे ढकलणार नाही. बाकीच्या बायांना मी निदान हात लावून तरी बघत होतो.

आईनं माझ्या बोलण्यातलं हवं तेवढं उचललं. डॉक्टर मुलगाच म्हणतो, मनाचं आहे, म्हणजे सोंग आहे. गोळ्यांनी ती दिवसा पेंगू लागली, तर आता झोपाही काढते असं झालं. तिला माहेरी पोचवलं. थोडे दिवस म्हणता म्हणता पुढच्या महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या, आणि कोणी तिला आणायला गेलं नाही. आईनं हळूहळू भावासाठी दुसरीकडच्या मुलींची नावं काढायला सुरुवात केली. नाटकी बाई घरात ठेवायची नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

तिचं माहेर सक्करदऱ्याला, तलावाच्या अलीकडं. माझ्या दवाखान्यापासून स्कूटरवर जवळच. मी गेलो नाही. भाऊ मात्र जात असे. मिरची विकायला नागपूरला आला की आधी तो सक्करदऱ्याला जाई, तिच्यासोबत तलावाच्या काठानं चालून येई, आणि मग माझ्याकडं. आत यायला त्याला कोणी अडवत नव्हतं, पण तो बाहेर रोग्यांच्या बाकावर बसून राही. सगळे रोगी संपले की रुमालात बांधलेल्या हिरव्या मिरच्या टेबलावर ठेवी.

"दादा, तिले आणू का?"

"अजून होतं का तिला?"

"होते."

"मग राहू दे थोडं. घरी आई पुन्हा बोलेल, तिला त्रास होईल."

"घर कसं लागते माहीत आहे का तुले? रातच्याले भाकर कोणासमोर खावं?" एकदा तो असं म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "जाऊ दे. मिरच्या तिखट आहेत, वहिनीले सांग."

तो माझ्यापेक्षा बराच लहान. आमचे वडील लवकर गेले, त्याला शाळेत मी घातलं, पोहायला मी शिकवलं. त्याला नाही म्हणताना मला वाटे की मी त्याच्या भल्याचंच सांगतो आहे. त्या बाकावर हात गुडघ्यांत घालून बसलेला तो मला आता फार आठवतो. उठावं, जाऊन त्याच्या शेजारी बसावं असं वाटतं. बाक केव्हाच गेला, दवाखानाही गेला.

मग एका संक्रांतीत माझी बायको म्हणाली, "मी सक्करदऱ्याला हळदीकुंकवाला जाते. धाकट्या जावेचं तोंड पाहिलं नाही किती दिवस झाले. तुम्ही मला सोडा फक्त." मी तिला घेऊन गेलो आणि रीतीप्रमाणं बाहेर स्कूटरशी उभा राहिलो. थंडी होती. गल्लीत मुलं पतंग उडवत होती. थोड्या वेळानं बायको धावतच बाहेर आली. तिच्या कपाळावरचं कुंकू अर्धवट लागलेलं होतं.

"अहो, आत या."

"मी कसा येऊ?"

"ते भासरा-बिसरा घाला चुलीत. ती माझ्या पाया पडायला वाकली आणि कशी तरी झाली. बॅग आणा."

मी आत गेलो. खाकरलो नाही. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पदर खांद्यावरून घसरलेला. त्या दिवशी मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. रक्ताचा थेंब नव्हता त्यात. एवढ्या थंडीत कपाळावरून घाम ओघळत होता, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, गळ्याची शीर उडत होती. मी तिच्या दंडाला पट्टी गुंडाळली आणि हवा भरू लागलो. ठोका ऐकू येतच राहिला. मी आणखी हवा भरली. पारा नळीत चढत चढत टोकाशी गेला तरी ठोका बंद होईना.

"मी नाटक नाही करून राहिली जी," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आवाज जरा जाड होता, गावातल्या बाईचा. मी कल्पना केली होती त्याहून वेगळा.

"नाही," मी म्हणालो. "कशानं होतं ते सांगा."

"वाकलं की होते. बादली उचलली का होते, खाली बसून कणिक मळली का होते. सासूमाय बोलली तर नाही होत, रडली तरी नाही होत. मी त्या दिवशी पडद्यामागून सांगत होती, कोणी विचारलंच नाही."

मी पट्टी काढली नाही. बघता बघता तिच्या गालावर रंग आला, पारा उतरला, आणि थोड्याच वेळात तो तिथं येऊन थांबला जिथं माझ्या नर्सला सापडला होता. आम्ही दोन्ही वेळा खरंच मोजलं होतं. पहिल्यांदा फक्त वादळ निघून गेल्यावर मोजलं होतं.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. माणूस घाबरला, पळाला, भांडला की ती रक्तात एक रस सोडते. छाती धडधडते, घाम सुटतो, रक्तदाब चढतो. क्वचित कोणाच्या या ग्रंथीत गाठ होते. बहुतेकदा ती कर्करोगाची नसते, साधी असते, जागची हलत नाही. पण वाकल्यानं पोट दाबलं गेलं की गाठ पिळल्यासारखी होते आणि तो रस भलत्या वेळी, भलत्या मापानं सुटतो. भीती नसताना शरीराला भीतीची सगळी लक्षणं होतात. म्हणूनच डॉक्टर फसतात. पुस्तकात मी हे वाचलं होतं, शिकवलंही होतं. प्रत्यक्षात असा रोगी तोवर पाहिला नव्हता, असं मी म्हणत असे. खरं तर पाहिला होता, पावलांपुरता.

तिला रुग्णालयात घेतलं. आजच्यासारखी पोटातलं दाखवणारी यंत्रं तेव्हा नागपुरात नव्हती. दिवसभराची लघवी आम्लाच्या बाटलीत जमवून, मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसासोबत तिकडच्या प्रयोगशाळेत पाठवली. शिरेतून औषध सोडून क्ष-किरणाचा फोटो काढला, त्यात डावं मूत्रपिंड कशानं तरी खाली ढकललेलं दिसलं. मुंबईचा निकाल आला तेव्हा शंका उरली नाही. आता शस्त्रक्रिया, पण लगेच नाही. अशा रोग्याला तयारीविना टेबलावर घेतलं तर तो टेबलावरच जातो. आधी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी द्यायची, भरपूर पाणी आणि मीठ द्यायचं, आणि त्यानंतरच हृदयाची धडधड कमी करणारी. क्रम चुकला तर औषधच जीव घेतं. पहिली गोळी नागपुरात मिळेना, ती मिळवण्यासाठी मी ओळखीतल्या सगळ्यांच्या पाठी लागलो.

तयारीचे ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. हे लिहायला संकोच वाटतो, कारण तिच्यासाठी ते जिवावरचे होते. रोज सकाळी मी तिच्या खाटेशी जाई, आधी आडवं झाल्यावर, मग उभं केल्यावर रक्तदाब मोजी, आणि ती मला सगळं सांगे. डोक्यावर पदर असे, पण तोंडावर नसे. तलावावर बगळे कुठं बसतात, तिच्या बापाचं दुकान कसं बुडालं, माझ्या भावाला भाकरी कडक लागते की मऊ. मला बहीण नाही. घरातली एखादी बाई अशी बोलत बसते आणि आपण ऐकत राहतो, यात किती सुख असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"पाणी पिऊन पिऊन मी मटका झाली," एकदा ती म्हणाली. मग जरा थांबून, "भासरेबुवा, मी घरी गेल्यावर तुम्ही पुन्हा खाकरसान का?"

"खाकरावंच लागेल."

"मग पोळ्या जळतीन."

भाऊ खाटेच्या पायथ्याशी बसून संत्री सोलत होता. तो इतका हसला की शेजारच्या खाटेवरची म्हातारी रागावली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो खाली गेला असताना तिनं मला विचारलं, "मी वाचली तर घरी सगळ्यांले सांगसान ना, का मी नाटक नव्हती करत? पहिल्या दिवसापासून हेच होतं म्हणून?"

"सांगेन."

"मायसमोर सांगा."

"सांगेन," मी पुन्हा म्हणालो.

मी शस्त्रक्रियेच्या खोलीत उभा होतो. भूल देणारे माझे मित्र होते, त्यांची नजर पाऱ्यावरून हलत नव्हती. शल्यचिकित्सकाचा हात गाठीला लागला की रक्तदाब उसळे, ते हात काढून घेत, थांबत, पुन्हा सुरू करत. गाठीची शीर बांधली तसा तोच पारा कोसळला. सलाईन, औषधं, सगळं एकदम सुरू झालं. त्या वेळी बाहेर भाऊ होता आणि मला एवढंच वाटत होतं की दार उघडून त्याच्यासमोर जायची वेळ येऊ नये. मग हळूहळू पारा वर सरकला आणि टिकला. गाठ चिकूएवढी होती, चिकूच्याच रंगाची. साधी गाठ.

ती घरी गेली. पुढच्या महालक्ष्म्यांना मी मुद्दाम गेलो. जेवणं झाली, म्हातारी माणसं ओसरीवर ओळीनं बसली आणि ती वाकू लागली. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. एकासमोर, दुसऱ्यासमोर, आत्यासमोर, आईसमोर. मी मान खाली घालून तिची पावलं बघत होतो. बोटं लाल होती, हळदीनं माखलेली. ओळ संपली तरी लालच राहिली. माझ्यासमोर ती आली नाही. भासऱ्याला लांबून जमिनीवर डोकं टेकतात, तसं तिनं टेकलं. तोंडावर पदर होता.

भाऊ रडत होता. "दादानं वाचवली," तो सगळ्यांना सांगत होता. "चेहरा पाहूनच ओळखलं."

"मी म्हणतच होती," आई म्हणाली. "एवढी सोंगं केली, मग झाली ना खरीच गाठ. देवानं दाखवलं."

सगळे माझ्याकडं बघत होते. ती दाराआड उभी होती, बांगड्या वाजत नव्हत्या, म्हणजे ऐकत होती. मी सांगायला हवं होतं की गाठ आधीपासून होती, सोंग कधीच नव्हतं, आणि मनाचं आहे हे मी म्हटलं, तिला न तपासता. त्यासाठी आईला सगळ्यांसमोर खोटं पाडावं लागलं असतं. आणि भावाच्या डोळ्यांत तेव्हा माझ्यासाठी जे होतं ते मला सोडवेना.

"गाठ होती, काढली," मी म्हणालो. "आता काही नाही."

दाराआड बांगड्या वाजल्या. ती आत निघून गेली.

तिला पुढं मुलगी झाली, नात झाली. आई गेली, माझी बायको गेली. मी दर महालक्ष्म्यांना जात राहिलो, दाराशी खाकरत राहिलो, आणि ती परसात जात राहिली. पुष्कळदा वाटे, एकदा न खाकरता आत जावं, पाटावर बसावं आणि म्हणावं, तलावावर बगळे येतात का अजून. रीत आता कोणी पाळत नव्हतं, आम्ही दोघंच पाळत होतो. मला ती सोयीची होती. तिला काय होती, ते मी विचारलं नाही.

तिच्या तेरवीला ओसरीवर बसलो होतो. आत्याच्या सुनेनं तिच्या नातीला तीच गोष्ट सांगायला घेतली. "तुझी आजी आधी लय नाटकी होती बरं का, पाया पडायचं म्हटलं का..."

"नव्हती," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. पडद्यापासून पाऱ्यापर्यंत. मनाचं आहे हे मीच म्हटलं होतं, तेही सांगितलं. नातीनं विचारलं, "म्हणजे आजी तेव्हापासून खरं सांगत होती?" मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून.

भाऊ खांबाला टेकून बसला होता. त्याच्याकडं बघवत नव्हतं. तोच बोलला.

"मले माहीत होतं, दादा. तू मनाचं म्हटलं म्हणून मायनं तिले तेव्हाच ऐकवलं होतं. तिनं मले सांगतलं."

"मग तू मला कधी बोलला काहून नाही?"

"ती बोलू नको म्हणे. दर महालक्ष्म्यांले तू यायच्या आधी म्हणायची, भासरेबुवा शब्द देऊन बसले आहेत, यंदा सांगतीन." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "उशीर केला गा तू."

मला तहान लागली होती. मी उठून आत गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचलो आणि सवयीनं खाकरलो, आणि मग उभा राहिलो, आतून बांगड्या वाजायची वाट बघत.